वस्तऱ्याला धार जास्त लागू शकते का? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

संशोधनाच्या तयारीत असलेली मुलं-मुली मला बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतात. विषय कसा निवडायचा, आणि पेपर कसे वाचायचे. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि तोच मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी महागात पडला: हातातलं काम थांबवायचं कधी?

आजचा लेख त्याबद्दल आहे. पण सुरुवात प्रयोगशाळेपासून करत नाही, वस्तऱ्यापासून करते. मी स्वतः दाढी करत नाही, हे उघड आहे. पण माझा अभ्यासाचा विषय पोलाद, त्यामुळे धार, दगड, घासणं, चकाकी हे शब्द रोजचेच. वाचता वाचता दाढीच्या जुन्या पुस्तकांत एक तक्रार सापडली. वस्तरा दगडावर फार घासला, तर धार बिघडते. मला हे विचित्र वाटलं. घासायचं ते धारेसाठीच ना? मग ती 'जास्त' कशी होईल?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्याचा माग काढताना निरीक्षण, चाचणी, स्पष्टीकरण आणि उपकरण या चार गोष्टी एकमेकींपासून कशा सुटतात हे फार छान दिसतं. म्हणून थोडा धीर धरून वाचा.

हूकने पाहिलेली धार

रॉबर्ट हूकचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. शाळेत आपण त्यातली बुचाच्या पेशींची आकृती पाहिलेली असते. पण पुस्तकातलं पहिलं निरीक्षण सुईच्या टोकाचं आहे आणि दुसरं वस्तऱ्याच्या धारेचं.

हूकने चांगली धार लावलेला वस्तरा घेतला आणि भिंगाखाली धरला. त्याला तीक्ष्ण असं काही दिसेना. नुसत्या डोळ्यांना जी रेघ वाटते ती भिंगाखाली खडबडीत, चांगल्या जाड सुरीच्या पाठीएवढी रुंद दिसली. बाजूच्या उतारावर ओरखडे होते. काही सरळ दगडाने उमटलेले, तर काही चामड्याच्या पट्ट्यावर ओढून गुळगुळीत झालेले.

इथे थांबून विचार करा. याच वस्तऱ्याने दाढी होत होती. म्हणजे भिंगाखाली 'बोथट' दिसणारी गोष्ट गालावर तीक्ष्ण होती. हूकच्या निरीक्षणातून दोन धडे निघतात. एक, धार ही कधीच आदर्श रेघ नसते. तिला जाडी असते आणि तिच्यावर तिला घडवणाऱ्या साधनाचे ओरखडे असतात. दोन, 'तीक्ष्ण आहे का?' या प्रश्नाचं उत्तर कशाने तपासता यावर अवलंबून असतं.

दगड, पट्टा आणि पोलाद

पुढची शंभर-दीडशे वर्षं हे ज्ञान कारागिरांकडे राहिलं. १७६९ मध्ये झाँ-जाक पेरे या पॅरिसच्या कारागिराने 'पोगोनोटोमी' नावाचं पुस्तक लिहिलं, स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारं. त्याच्या लांबलचक नावातच दोन आश्वासनं आहेत: धारेचे दगड कसे ओळखावेत, आणि वस्तरा ओढायचं चामडं कसं तयार करावं. म्हणजे त्या काळी दाढी शिकणं म्हणजे अर्ध्याहून जास्त धार शिकणंच होतं.

दगडांत बेल्जियमचा पिवळसर दगड नावाजलेला होता. त्याला कोटिक्यूल म्हणतात. आर्देन भागातल्या व्हिल्साम गावाच्या आसपास तो मिळतो. त्याच्या अभ्रकासारख्या मऊ मातीत गार्नेटचे बारीक स्फटिक असतात, साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

पण दगड कितीही चांगला असला तरी धार किती पातळ टिकेल हे पोलाद ठरवतं. इथे गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईला येऊन लागतो. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 'वूट्झ' नावाच्या हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पीअरसनने त्यांवर रॉयल सोसायटीत निबंध वाचला, तो १७९५ मध्ये छापला गेला. शीर्षकात हे पोलाद 'मुंबईत बनवलेलं' असं म्हटलं आहे. खरं तर वूट्झ मुख्यतः दक्षिणेकडे, आजच्या तेलंगण-कर्नाटक-तमिळनाडू भागात बनायचं. मुंबई हे ते जहाजावर चढण्याचं ठिकाण. (संशोधनात हे कायम लक्षात ठेवा: नमुन्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेलं गाव हे नमुन्याचं मूळ गाव असेलच असं नाही.)

त्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांत जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा चाकू-वस्तरे बनवणारा कारागीर होता. पुढे त्याने तरुण मायकेल फॅरेडेबरोबर पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिले. त्यांचे निबंध १८२० आणि १८२२ साली आले. फॅरेडेने त्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेटही दिले. विजेचा फॅरेडे आपल्याला माहीत असतो, वस्तऱ्याचा फॅरेडे नसतो.

नखावरची परीक्षा

आता मूळ तक्रारीकडे येऊ. 'जादा घासलेली धार' हा शब्द सगळ्यात ठळक भेटतो तो विसाव्या शतकातल्या अमेरिकन केशकर्तनाच्या पाठ्यपुस्तकांत. अमेरिकेत न्हाव्यांच्या परवान्याचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १८९७ मध्ये केला. मग इतर राज्यांनी केले. परवाना आला की परीक्षा आली, परीक्षा आली की पाठ्यपुस्तक आलं. आणि पाठ्यपुस्तक आलं की हाताला कळणारी गोष्ट शब्दांत पकडावीच लागते.

परीक्षा अशी: अंगठ्याचं नख ओलं करायचं आणि वस्तऱ्याची धार त्यावरून अगदी हलक्या हाताने सरकवायची. दाबायचं नाही. मग काय जाणवतं ते बघायचं.

धार नखावरून नुसतीच घसरली, तर ती बोथट. एकसारखी, मऊपणे नखात रुतत गेली, तर उत्तम. झटके देत रुतली, तर भरड, अजून घासायला हवी. आणि नखाला चिकटल्यासारखी झाली, करकरीत, नकोशी वाटली, तर ती जादा घासलेली.

कारणही दिलेलं असायचं. धार म्हणजे अतिबारीक करवत. दगड तिला दात पाडतो. चांगल्या धारेचे दात बारीक, भरड धारेचे मोठे, आणि जादा घासलेल्या धारेचे दात फार मोठे आणि वेडेवाकडे.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा आणि हे स्पष्टीकरण तपासा. मला ते दुसऱ्यांदा वाचताना खटकलं. दात जर दगडाच्या कणांमुळे पडत असतील, तर त्यांचा आकार कणांच्या आकारावर ठरायला हवा. त्याच दगडावर आणखी वीस वेळा घासलं तर ओरखडे त्याच आकाराचे राहतील. दात मोठे होण्याचं काहीच कारण नाही. म्हणजे 'भरड धार' या सिद्धांतात बसते, 'जादा घासलेली धार' बसत नाही.

गंमत पुढे आहे. त्याच पुस्तकांत उपाय दिलेला असतो: अशी धार दगडावर एक-दोनदा उलटी ओढा, मग पुन्हा नीट घासा. धार लावताना वस्तरा धारेच्या दिशेने, तिरका पुढे जातो. इथे तो पाठीच्या दिशेने ओढायचा. दात मोठे झाले असतील तर उलटं ओढून ते बारीक कसे होणार? उपाय त्या कारणाला धरून नाहीच. तरीही कारागीर तो पिढ्यान्‌पिढ्या करत होते, कारण त्याने काम व्हायचं.

निरीक्षण खरं, उपाय चालणारा, पण मधलं स्पष्टीकरण लंगडं. इतिहासात अशी जागा सापडली की तिथे खुणेचा कागद ठेवा. संशोधनाचे प्रश्न अशाच जागी असतात.

मग होतं काय?

जरा हिशोब करू. वस्तरा दगडावर सपाट ठेवतात, त्यामुळे त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. कोन हाताने धरावा लागत नाही, वस्तऱ्याची घडणच तो ठरवते. समजा पाठ ५ मिलिमीटर जाड आहे आणि पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर १८ मिलिमीटर. धारेचा कोन साधारण १६ अंश येतो. त्रिकोणमिती आठवत असेल तर करून बघा.

आता टोकापासून फक्त १ मायक्रॉन मागे या. तिथे पात्याची जाडी किती? पाव मायक्रॉनच्या थोडी वर. दगडातला कण तर ५ ते १५ मायक्रॉनचा! कणाचा बहुतेक भाग दगडात रुतलेला असतो आणि फक्त शेंडा काम करतो, हे खरं. तरी टोकाशी उरलेली धातूची पट्टी इतकी पातळ असते की तिच्यावर दाब आला की घासलं जाण्याऐवजी ती वाकते. कणाखालून बाजूला होते. मागचा भाग झिजत राहतो, पुढची वाकलेली पट्टी तशीच लोंबत वाढते.

वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना ही चीज माहीत आहे: बर. धातू कापल्यावर, घासल्यावर कडेला राहतो तो पातळ पापुद्रा. वस्तऱ्याचा बर डोळ्यांना दिसत नाही, पण नखाला कळतो. तो चिकटतो, अडखळतो, कुठे मोडलेला तर कुठे शाबूत असतो. पाठ्यपुस्तकातलं 'करकरीत, नकोसं' वर्णन याच्याशी चोख जुळतं. उलटं ओढण्याचा उपायही जुळतो. पापुद्रा दुसऱ्या बाजूला वाकतो, अशक्त होतो, तुटून जातो. मागे राहते ती थोडी जाड, पण भक्कम कड. म्हणूनच नंतर 'पुन्हा नीट घासा'. आणि म्हणूनच एक-दोनदाच. उलटं जोरात ओढत राहिलं तर नवाच बर निघेल.

मग कारागिरांना हे का दिसलं नाही? त्यांच्याकडे भिंगं नव्हती का? होती. पण प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला साधारण ०.२ मायक्रॉनच्या खाली दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. धारेचं टोक नेमकं त्याच मर्यादेवर येऊन बसतं. ओरखडे दिसतात, टोक दिसत नाही. जे दिसतं त्यावरच माणूस सिद्धांत रचतो, म्हणून 'दात' आले. बाजारात विकत मिळणारा पहिला स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप केंब्रिजच्या कंपनीने १९६५ मध्ये आणला, हूकच्या पुस्तकानंतर बरोबर ३०० वर्षांनी.

तोपर्यंत घराघरातला वस्तरा संपत आला होता. जिलेटच्या कंपनीने १९०३ या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकले. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. ब्लेड वापरायचं आणि फेकायचं. आज आपल्याकडे सलूनमध्येसुद्धा ब्लेड अर्धं मोडून वस्तऱ्यात बसवतात आणि गिऱ्हाईक झालं की टाकून देतात. ज्यांना नखावरची परीक्षा येत होती ते हात कमी झाले, आणि टोक दाखवणारं उपकरण नंतर आलं. दोघांची चुकामूक झाली.

तरी काहींनी ती भेट घडवून आणली. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन यांनी २००४ मध्ये वेगवेगळ्या प्रकारे धार लावलेली पाती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पद्धतशीरपणे पाहिली. घासल्याने बर कसा येतो आणि चामड्यावर क्रोमियम ऑक्साइड लावून ओढल्यावर कड कशी सुधारते, हे त्यांच्या छायाचित्रांत दिसतं. २०२० मध्ये एमआयटीच्या जानलुका रोशोली, ताहेरी-मुसवी आणि जेम तासन यांनी 'सायन्स'मध्ये आणखी एक कोडं सोडवलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, मग दाढी करून ब्लेड बोथट का होतं? त्यांनी मायक्रोस्कोपच्या आतच केस कापून पाहिले. ब्लेड नुसतं झिजत नाही, कडेचे बारीक टवके उडतात. पोलादाची अंतर्गत रचना सगळीकडे सारखी नसते, आणि केस वाकून तिरका लागला की कडेच्या कमकुवत जागी चीर पडते.

मग उत्तर काय?

वस्तरा 'प्रमाणाबाहेर तीक्ष्ण' होतो असं नाही. होतं ते असं की एका टप्प्यानंतर घासणं धार बनवत नाही, पापुद्रा बनवतं. आणि तो टप्पा फक्त किती वेळा घासलं यावर ठरत नाही. दाब किती, दगड किती जलद कापतो, पोलाद कसं आहे, हे सगळं त्यात येतं.

आज हौसेने वस्तरे वापरणारे काही लोक म्हणतात, जादा घासणं वगैरे थोतांड आहे, हलक्या हाताने शंभर वेळा जास्त घासलं तरी काही होत नाही. त्यांचंही चूक नाही. दाब नगण्य असेल तर पापुद्रा तयार होता होताच झिजून जातो. जुनी पुस्तकं आणि हे हौशी लोक, दोघंही आपापल्या परिस्थितीत बरोबर आहेत. दोघांनी 'किती वेळा' मोजलं, 'किती दाब' मोजला नाही. १८९१ मध्ये ॲचेसनने कार्बोरंडम शोधल्यावर कृत्रिम, जलद कापणारे दगड न्हाव्यांच्या हाती आले. त्यावर चार घासण्या जास्त झाल्या की फरक पडायचा. पाठ्यपुस्तकांतली ती भीती या दगडांमुळे वाढली असावी, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, पण तपासता येण्यासारखा आहे.

हे मला कुठे भोवलं

आता माझी गोष्ट. पोलादाची आतली रचना बघायची तर नमुना आधी आरशासारखा पॉलिश करावा लागतो. ही पद्धत हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६३ च्या सुमारास घडवली. तेही शेफिल्डमध्ये, म्हणजे वस्तऱ्यांच्याच गावात. मी मऊ कापडावर, हिऱ्याच्या पेस्टने नमुने पॉलिश करत होते. एकही ओरखडा राहू नये म्हणून जरा जास्तच. मग मायक्रोस्कोपखाली बारीक काळे खड्डे दिसले. मी ते सच्छिद्रता म्हणून मोजले. दोन आठवडे मोजले. आलेख छान आला.

गाईडनी आलेख पाहिला आणि विचारलं, "पॉलिश किती वेळ केलंस?"

"चकचकीत होईपर्यंत, सर."

"चकचकीत म्हणजे किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत वेळ नव्हती, दाब नव्हता. सरांनी एक नमुना पुन्हा, मोजून कमी वेळ पॉलिश करायला लावला. खड्डे निम्म्याहून कमी झाले. त्या छिद्रांमधली बरीचशी छिद्रं नव्हतीच. पोलादातले परक्या पदार्थाचे कण जास्त पॉलिशने उपटून निघाले होते, त्यांच्या त्या रिकाम्या जागा होत्या. मी पोलाद मोजत नव्हते, माझं पॉलिश मोजत होते. दोन आठवड्यांचं काम रद्द झालं. आलेख तसाच पुढे गेला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही पोटात गोळा आणतो.

वस्तऱ्याचा हा सगळा इतिहास मी त्यानंतर वाचला. जुन्या न्हाव्यांबद्दल आदर वाटला तो यासाठी की त्यांचं स्पष्टीकरण चुकलेलं असूनही धार सहसा चुकत नव्हती. कारण थोडं घासायचं, नखावर बघायचं, पुन्हा थोडं घासायचं, ही शिस्त होती. थांबण्याची खूण त्यांनी कामाच्या आधी ठरवलेली होती. माझ्याकडे त्यांच्यापेक्षा शंभर पट महाग उपकरण होतं आणि थांबण्याची खूण नव्हती.

तर संशोधनाला लागण्याआधी एवढं करा. ज्या पायरीवर तुम्ही काही 'सुधारत' असता, मग ते पॉलिश असो, द्रावण गाळणं असो की आलेखातला गोंगाट काढणं असो, तिथे तीन गोष्टी वहीत लिहा: किती वेळा केलं, किती जोराने केलं, आणि काय दिसलं की थांबणार. तिसरी गोष्ट काम सुरू करायच्या आधी लिहायची, नंतर नाही. आणि शक्य असेल तर एक नमुना मुद्दाम कमी आणि एक मुद्दाम जास्त करून बघा. दोन्हींत उत्तर तेच आलं तर निर्धास्त व्हा. बदललं, तर तुम्ही अजून दगडच मोजत आहात.